एकाच मापाची भोकं

"तू घरभेदी आहेस," ठिणगी म्हणाली.

"आणि तू बारा वर्षांची म्हातारी आहेस," प्रोफेसर म्हणाला. "पुढच्या वाढदिवसाला तुला काठी देतो."

संगीत शाळेच्या जिन्यात दोघं एकमेकांना अडवून उभी होती, आणि त्यांच्या मधल्या पायरीवर दहा वर्षांचा लिंबू बसला होता. ठिणगीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं. ती बोलली की समोरच्याला चटका बसे, म्हणून हे नाव पडलं. लिंबू तिचा धाकटा भाऊ. त्याचं तोंड सदा आंबट. आणि तेरा वर्षांचा प्रोफेसर त्यांचा आतेभाऊ. त्याच्या खिशात रुमाल नसला तरी एखादी वायर हमखास सापडे.

दोघं भावंडं सुट्टीला आत्याकडे आली होती. आत्या याच शाळेत एकोणीस वर्षं व्हायोलिन शिकवत होती. येऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर भांडण पेटलं, आणि त्याला कारणही तसंच होतं.

सोमवारी सकाळी वरच्या हॉलमध्ये बारा नवे कीबोर्ड आले. त्यांच्यामागून आला ते विकणारा माणूस. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. मुलांनी त्याला लगेच बटणवाला करून टाकलं. "या बटणात व्हायोलिन, यात बासरी, यात अख्खा वाद्यवृंद," तो म्हणाला. "आणि स्वरलिपीची सगळी पुस्तकं या टॅबलेटमध्ये. आता तारा तुटायला नकोत आणि पानं फाटायला नकोत."

व्यवस्थापकांनी मान डोलावली. मग आत्याकडे न बघताच त्यांनी सांगितलं, की शाळेच्या जुन्या वाद्यांना आणि पुस्तकांच्या कपाटाला कीड लागली आहे. बटणवाल्याने आदल्या आठवड्यातच तपासणी करून तसा अहवाल दिला होता. कीड नव्या यंत्रांच्या खोक्यांपर्यंत पोचू नये म्हणून सगळं मागच्या कोठारात हलवलं होतं. बुधवारी समितीच्या अध्यक्षबाई येऊन शेवटची सही करणार होत्या, आणि त्यानंतर बटणवाला तो सगळा कचरा स्वतःच्या गाडीतून घेऊन जाणार होता, तेही फुकट.

"कचरा?" आत्याने विचारलं.

"बाई, भावनेने शाळा चालत नाही," व्यवस्थापक म्हणाले. "काळाबरोबर चालायला शिका."

घरी गेल्यावर आत्याने जेवणाचं ताट तसंच सरकवलं.

आणि तिचा सख्खा मुलगा मंगळवारी सकाळी कुठे होता? तर बटणवाल्याच्या शेजारी बसून कीबोर्डच्या वायरी जोडत होता. बटणवाल्याने त्याला 'माझा सहायक' म्हटलं होतं, आणि तेवढ्याने प्रोफेसर हवेत होता.

"यंत्र वाईट नसतं," तो आता जिन्यात म्हणत होता. "घरी कानाला हेडफोन लावून सराव करता येतो. शेजारी शिव्या देत नाहीत."

"तुझ्या आईच्या घशाखाली घास उतरत नाहीये," ठिणगी म्हणाली, "आणि तुला शेजाऱ्यांची काळजी."

प्रोफेसरचा चेहरा पडला. पण हार मानेल तर तो प्रोफेसर कसला. तो पाय आपटत वर निघून गेला.

ठिणगीच्या हातात कोठाराची किल्ली होती. आत्याचा स्वतःचा, व्हायोलिनवर फिरवायचा गज आत राहिला होता, तो आणायला तिने पाठवलं होतं. लिंबूला घेऊन ठिणगी कोठारात शिरली. लाकडी मांडणीवर व्हायोलिनच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. पुस्तकं दोरीने करकचून बांधलेली होती. गज सापडला. पण कीड कशी दिसते ते बघावं म्हणून ठिणगीने समोरची पेटी उघडली.

व्हायोलिनच्या मानेवर सात भोकं होती.

"बिचारं," लिंबू म्हणाला. त्याने बोट लावून पाहिलं. "ताई, ही कीड शिस्तीची आहे. सगळी भोकं एकाच मापाची."

ठिणगी वाकून बघू लागली. लिंबूचं खरं होतं. तिने पुढच्या चार पेट्या उघडल्या. तीच भोकं, तेच माप. मागच्या रांगेतल्या पेट्यांमध्ये, जिथे शाळेची सर्वांत जुनी आणि चांगली वाद्यं होती, तिथे एकही भोक नव्हतं. आणि ज्या मांडणीवर हे सगळं होतं, ती मांडणी ठणठणीत होती.

"एवढं मोठं लाकूड सोडून ही कीड फक्त पुढच्या रांगेतली व्हायोलिनं खाते?" ठिणगी म्हणाली.

ती थेट व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. त्यांनी तिचं अर्धं वाक्यही ऐकून घेतलं नाही.

"तपासणीचा अहवाल आहे माझ्याकडे," त्यांनी टेबलावरच्या कागदावर बोट आपटलं.

"तुम्ही स्वतः पेटी उघडून पाहिलीत?"

"तुझ्या आत्याने पाठवलंय का तुला हे विचारायला?" त्यांचा आवाज चढला. "सुट्टी आहे, खेळा. पुन्हा कोठाराकडे दिसलात तर तुमच्या आत्याला त्याचा जाब द्यावा लागेल. किल्ली ठेव इथे."

किल्ली ठेवावी लागली. ठिणगी बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. आता कोठारात जाऊ शकेल असा एकच जण उरला होता. बटणवाल्याचा सहायक. त्याच्याकडे मदत मागणं म्हणजे कडू काढा पिण्यासारखं होतं, पण ती तो प्यायली.

"मी माफी मागणार नाही," ती प्रोफेसरला म्हणाली. "पण पुढच्या रांगेतलं एक व्हायोलिन बघ. नंतर मला हवं तेवढं हस."

प्रोफेसर हसायच्या तयारीनेच गेला. वीस मिनिटांनी परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने भोकात बारीक वायर घालून पाहिली होती. "किडीचं भोक आत गेल्यावर वळतं," तो म्हणाला. "इथे वायर सरळ आत जाते आणि टप्पकन थांबते." त्याने मोबाइलवर काढलेला फोटो मोठा करून दाखवला. भोकाच्या आतल्या कडेवर गोल गोल फिरलेले ओरखडे होते.

"गिरमिट," ठिणगी म्हणाली.

"त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत आहे एक. सकाळी मीच उचलून दिलं होतं त्यांना." प्रोफेसरने चष्मा काढून पुसला, उगाचच. "सहायक म्हणाले मला."

ठिणगीच्या जिभेवर एक झणझणीत वाक्य आलं होतं. ते तिने गिळलं.

"फोटो दाखवून उपयोग नाही," ती म्हणाली. "व्यवस्थापक म्हणतील, ओरखडे आम्हीच पाडले. भोकं पाडणाऱ्यालाच पकडायला हवं."

"मग त्याला अशी वस्तू देऊ," लिंबू म्हणाला, "जी कीड खाऊच शकत नाही."

दोघं त्याच्याकडे बघतच राहिली. आत्याच्या घरी एक छोटं व्हायोलिन होतं, अगदी लहान मुलांना धरायला शिकवण्यासाठी आणलेलं. तपकिरी, चकचकीत, दुरून हुबेहूब लाकडी. पण होतं नखशिखांत प्लास्टिकचं.

दुपारी प्रोफेसरने ते एका जुन्या पेटीत घातलं आणि कोठारात खिडकीजवळ ठेवलं. मग बटणवाल्यापाशी जाऊन वायर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "काका, आई म्हणत होती, उद्या अध्यक्षबाई खिडकीजवळचं छोटं व्हायोलिन बघणार आहेत. त्याला कीड लागलेलीच नाही म्हणे."

सकाळपर्यंत हा माणूस त्याला जगातला सर्वांत हुशार माणूस वाटत होता.

"आई आपली आहे म्हणून तिचं सगळं खरं नसतं हं," बटणवाला हसून म्हणाला. "लागली असेल कीड. बघतो मी."

बुधवारी हॉल भरला होता. अध्यक्षबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पांढरे केस, ताठ पाठ. बटणवाल्याने कीबोर्डवर चार सुरावटी वाजवून दाखवल्या. छान वाजल्या, ठिणगीलाही ते मान्य करावं लागलं. मग कोठारातल्या पेट्या आणल्या गेल्या.

"काही जण म्हणतात, सगळ्या वाद्यांना कीड नाही," बटणवाला आत्याकडे तिरका कटाक्ष टाकत म्हणाला. "हे घ्या. याला म्हणे काही झालेलंच नाही." त्याने छोटी पेटी उघडली आणि व्हायोलिन उंच धरलं. मानेवर पाच भोकं. "कालपर्यंत नव्हती. एका रात्रीत लाकडाची चाळण. अजून ठेवायचा का हा कचरा इथे?"

व्यवस्थापकांनी 'बघा' अशा अर्थाने आत्याकडे पाहिलं. आत्या मात्र त्या व्हायोलिनकडे टक लावून बघत होती. तिने ते ओळखलं होतं.

ठिणगी उठली. "अध्यक्षबाई, ते जरा हातात घेऊन बघाल?"

"खाली बस," व्यवस्थापक ओरडले.

"बघू द्या की," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी व्हायोलिन घेतलं, हातात तोललं, नखाने टकटक वाजवलं. मग चष्मा कपाळावर सरकवून भोकं डोळ्यांजवळ नेली.

"मी तेहतीस वर्षं दातांची डॉक्टर होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "कीड काय करते आणि ड्रिल काय करतं, हे मला कुणी शिकवायला नको. आणि हे तर प्लास्टिक आहे. प्लास्टिक खाणारी कीड कुठे मिळाली तुम्हाला?"

हॉलमध्ये मागे कुणीतरी फिसकन हसलं. प्रोफेसर उठला, त्याने वायरची गोष्ट सांगितली, फोटो दाखवला आणि शेवटी गिरमिटाचंही सांगितलं. सांगताना त्याने एकदाही बटणवाल्याकडे पाहिलं नाही. हत्यारांची पिशवी उघडली गेली. रात्री अंधारात घाईने फिरवलेल्या गिरमिटाच्या टोकाला तपकिरी प्लास्टिकचा कीस अजून चिकटलेला होता.

पुढचं भराभर झालं. अध्यक्षबाईंनी पोलिसांना बोलावलं. मागच्या रांगेतली ती जुनी वाद्यं बटणवाला कुठे नेणार होता, हे त्याच्या मोबाइलमधल्या संदेशांवरून पोलिसांना कळलं. शहरातला एक विक्रेता त्यांची वाटच बघत होता. बटणवाला गेला तो मुलांना 'कार्टी' म्हणत गेला. तेवढंच एक वाक्य तो गुळगुळीत बोलला नाही.

व्यवस्थापकांनी आत्याची माफी मागितली, पण दातओठ खात. आत्याने ती स्वीकारली, तीही तशीच.

"या यंत्रांचं काय करायचं?" अध्यक्षबाईंनी प्रोफेसरला विचारलं. "तू तर त्यांच्या बाजूचा होतास ना?"

"अजूनही आहे," प्रोफेसर म्हणाला. "दोन-तीन ठेवा, सरावाला. पण आईच्या वर्गात नको. तिथे चूक ऐकू यायला हवी. यांच्यात चूकसुद्धा सुरेल वाजते."

"हं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्ही तिघांनी आमच्या समितीपेक्षा जास्त डोळे उघडे ठेवलेत. त्याबद्दल शाबास. बोल मुली, काय बक्षीस हवं?"

ठिणगीने व्यवस्थापकांकडे बोट दाखवलं.

"सही करण्याआधी यांनी पेटी स्वतः उघडायची. प्रत्येक वेळी. आणि आम्ही समोर उभे राहणार."

व्यवस्थापक लालबुंद झाले. अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे तसं लिहून घेतलं.

संध्याकाळी आत्याने टेबलावर भोकं पडलेली पाच व्हायोलिनं मांडली. लाकडाच्या बारीक काड्या तासून ती एकेक भोक बुजवत होती. प्रोफेसर मोबाइलच्या दिव्याचा उजेड धरून उभा होता आणि ठिणगी त्याला तो डावीकडे धर, उजवीकडे धर असं सारखं ऐकवत होती. लिंबू काड्या देत होता.

पाचवं व्हायोलिन झाल्यावर आत्याने त्याला तारा चढवल्या, कान लावून सूर जुळवले आणि गज ओढला. आवाज थोडा खरखरीत आला. ती थांबली, पुन्हा ओढला.

"वाजतंय," ती म्हणाली. मग तिघांकडे वळून म्हणाली, "शाळेत एकोणीस वर्षांत मला चांगले कान खूप भेटले, एवढे चांगले डोळे कुणाचे भेटले नाहीत. चला, हात धुऊन घ्या. मला भूक लागली आहे."