शिंगवाल्याची डावी टाच

"या शिंगवाल्याच्या बापाला एकदा माझ्यासमोर उभं करा," असं मी कॉफीच्या मशीनला सांगत होते, आणि मागून आवाज आला, "उभाच आहे."

मी वळले. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात रिकामा कप, आणि माफी मागावी की हसावं हे अजून न ठरलेला चेहरा...

आमच्या कंपनीत तलवारबाजीचा एक गेम तयार होत होता. तो खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. शेवटच्या दारावर एक शत्रू उभा होता. शिंगांचं शिरस्त्राण, पुरुषभर उंचीची तलवार. आम्ही त्याला शिंगवाला म्हणायचो. त्या मंगळवारी सकाळपर्यंत त्यानं मला एकशे बारा वेळा मारलं होतं. आणि त्याची एकूण एक हालचाल ज्यानं काढली, तो ॲनिमेटर माझ्यापुढे कप घेऊन उभा होता.

"एकशे बारा वेळा मेले मी," मी म्हटलं.

"मोजता?"

"मारणाऱ्याला मोजावं लागत नाही. मरणाऱ्याला लागतं."

त्यानं कप भरला आणि तो माझ्याकडेच सरकवला. मग हळूच म्हणाला, "शुक्रवारपर्यंत कुणी हरवलं नाही, तर काढून टाकणार आहेत त्याला. आठ महिन्यांचं काम आहे माझं."

मला ते माहीत होतं. 'या शत्रूला हरवता येत नाही' असा कागद साहेबांनी आमच्या टेबलावर ठेवला होता. माझ्या शेजारच्या दोघा पदवीवाल्यांनी त्यावर मुकाट सह्या ठोकल्या. मी केली नाही. साहेब म्हणाले, मग शुक्रवारी चार वाजता सगळ्यांसमोर हरवून दाखवा. मला कुणाची दया आली होती असं समजू नका. मी शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी, कुठलीही पदवी न घेता नुसतं खेळून खेळून इथं शिरलेली. हरल्याच्या कागदावर सही करायला माझा हात उठत नाही, एवढंच.

मंगळवारी मी तलवार उपसलीच नाही. नुसती त्याच्यासमोर जाऊन उभी राहायचे, मरायचे आणि वहीत लिहायचे. पाठीमागे सरलं की तो लांबून तलवार भोसकतो. जखमेवर औषध प्यायला थांबलं की धावून येतो. ढालीआड लपलं की लाथ घालतो. म्हणजे ज्याला ज्याला आपण जपून वागणं म्हणतो, त्यातच मरण. मग मी त्याला चिकटूनच राहायला लागले. जवळ गेलं की त्याच्याकडे एकच वार उरायचा, वरून खाली. पण तो कधी येईल याचा पत्ता नसायचा. आला की मी आडवी.

ॲनिमेटरच्या फेऱ्या वाढल्या होत्या. कधी पेन्सिल हवी, कधी स्टेपलर. येऊन टेबलापाशी घुटमळायचा.

"एक सांगू का, तो वार..."

"सांगितलंत तर बोलणार नाही तुमच्याशी."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर... बघू."

पदवीवाले खाकरले. खाकरू देत.

बुधवारी संध्याकाळी घरी आईच्या मशीनवर माझ्या कुडत्याची कड मारायला बसले, तर टीप सापासारखी वळवळत गेली. आईनं चष्म्यावरून बघितलं. म्हणाली, "सुईकडे काय डोळे लावून बसलीस? ती बिचारी जागच्या जागी खालीवर होते, कुठं जायची नाही. काठाकडे बघ."

मी कुडता तसाच टाकून वही उघडली. दोन दिवस मी तलवारीकडेच बघत होते.

गुरुवारी तलवारीचा नाद सोडला. खांदे बघितले, काही नाही. कंबर बघितली, काही नाही. मग पाय बघितले... वार करण्याआधी शिंगवाल्याची डावी टाच जमिनीवरून जराशी उचलली जात होती. क्षणभर अधांतरी राहायची, टेकायची, आणि मग तलवार यायची. दहा वेळा बघितलं. दहाही वेळा तेच.

कुणाला तरी सांगावं म्हणून मान वळवली, तर ॲनिमेटर टेबलापाशी उभा. माझी नजर अजून पायांच्या उंचीवरच होती. त्याची डावी टाच वर उचलली गेली होती.

"स्टेपलर..." तो म्हणाला.

"काल नेलात तो अजून परत आणला नाहीत."

मग मी त्याला पडद्यावरची टाच दाखवली. तो बघतच राहिला. खाली गाडीतळात फरशी पुसायच्या दांड्याची तलवार करून त्यानं स्वतःचंच चित्रण केलं होतं, आणि त्याच्यावरून शिंगवाला काढला होता. ही टाच स्वतःची आहे हे त्याला आठ महिन्यांत कळलं नव्हतं. कानापर्यंत लाल झाला. आजच सुधारतो म्हणाला.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "त्या राक्षसात माणसासारखी तेवढी एकच गोष्ट आहे."

"म्हणजे मलाही... असं होतं?"

"होतं. काहीतरी बोलायचं असतं आणि तोंडातून भलतंच निघतं, तेव्हा."

तो काही न घेताच परत गेला.

शुक्रवारी चार वाजता बैठकीची खोली भरली. साहेब पुढे, पदवीवाले भिंतीशी, तो दाराजवळ. पहिल्या दोन डावांत मेले. कुणीतरी घड्याळ बघितलं. तिसऱ्या डावात माझ्या अंगात एका घावापुरता जीव उरला, आणि बोटं मागे सरायचं बटण मागायला लागली. नाही सरले. टाच उचलली, मी डावीकडून आत शिरले, मारलं. पुन्हा टाच, पुन्हा आत. शिंगवाला गुडघ्यावर आला आणि कोसळला.

साहेबांनी विचारलं, हे जमलं कसं. मी सांगितलं, तो अन्याय करत नाही. लोक मागे सरतात म्हणून मरतात. जवळ जा आणि त्याच्या पायांकडे बघा. साहेबांनी सह्यांचा कागद परत मागून घेतला आणि चार घड्या घालून खिशात टाकला. शिंगवाला राहिला.

खोली रिकामी झाली. मी वायरी गुंडाळत होते. तो दारातून आत आला, समोर थांबला.

"मला एक..."

टाच उचलली. चार दिवस हा माणूस असाच माझ्यासमोर येत होता, आणि दर वेळी त्यातून स्टेपलर निघत होता. टाच अधांतरी असते तेव्हा तो मोकळा असतो, तेव्हाच पुढे जायचं... हे आता माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

मी वायर खाली ठेवली आणि पुढे झाले.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं.

टाच टेकली. तो स्वतःच्या बुटाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"हे मी म्हणणार होतो."

"अजून आठ महिने लावले असतेस."

"आणि समजा... आता मी मागे सरलो तर?"

"सरून बघ."

तो सरला नाही.