जास्तीचा उजेड

मेकॅनिकची बायको दारातच रडायला लागली. "बाई, संध्याकाळी पोलीस ह्यांना न्यायला येणार. ह्यांनी मोटारसायकलला चुकीचा बल्ब बसवला, म्हणून वळणावर दिवा गेला आणि तो पोरगा खड्ड्यात पडला, असं सगळे म्हणतात!"

शोधबाई चपला घालून निघाल्यासुद्धा. हे नाव त्यांना गल्लीने दिलं होतं. त्यांच्या नवऱ्याला, निवृत्त मास्तरांना, गल्ली 'शोधबाईंची पिशवी' म्हणे, कारण तपासात पिशवी धरण्यापलीकडे त्यांना काम नसे.

मोडकी मोटारसायकल गॅरेजमागे होती. हेडलाइट शोधबाईंनी स्वतः उघडला. होल्डर वितळलेला. बल्बची काच काळीठिक्कर, समोरासमोर दोन ठिकाणी फोड आल्यासारखी फुगलेली. बुडाशी तेवढी निळसर कड उरली होती. दुसऱ्या कुणाची नजर पडायच्या आत बल्ब डबीत गेला.

मग एक नवा बल्ब खोक्यातून काढून त्यांनी मेकॅनिकपुढे धरला. "असाच होता?"

त्याने फडक्यात बूड धरून तो उचलला. "असाच. कंपनीने सांगितलेल्या वॅटचा, पांढऱ्या काचेचा. काचेला बोट लावायचं नाही बाई, तेलकट डाग राहिला की तिथेच तापून फुगते."

"स्वतःची बाजू सगळेच मांडतात," मास्तर बाहेर पडताना पुटपुटले.

सुट्या भागांच्या दुकानदारानेही बूडच धरलं. "जादा वॅटचेही विकतो. गिऱ्हाईक मागतं, मी देतो. कुणी नेला, काय सांगू?"

खड्ड्यात पडलेल्या पोराचा थोरला भाऊ इस्पितळाच्या बाकावर बसला होता. डोळे सुजलेले. "त्या मेकॅनिकला सोडू नका!" त्याने बल्ब चिमटीत काचेलाच पकडला. "हा नव्हे. त्याची काच निळसर होती. मला त्यातलं काय कळतं म्हणा, मी गाडीला कधी हात लावत नाही."

मास्तरांना त्याची फार दया आली.

दिवस कलताना शोधबाईंनी सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं आणि डबी उघडली.

"होल्डर वितळला तो जादा वॅटमुळे. काच फुगली ती बोटांमुळे. म्हणजे हा बल्ब जाणकार हातांनी बसवलेला नाही. मेकॅनिक आणि दुकानदार बूड धरतात. काचेला धरलंस तू. आणि अपघातानंतर हेडलाइट पहिल्यांदा मीच उघडला. काच निळसर होती हे तुला कसं कळलं?"

थोरल्याने डबीचं झाकण लावलं.

"त्या वळणावर काळोख असतो. म्हटलं, भावाला जरा जास्त दिसेल. मला वाटलं, मोठा बल्ब म्हणजे चांगला. आईला कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि माझ्या नवऱ्याला जाऊ देणार होतास?" मेकॅनिकची बायको ओरडली.

बाहेर पोलिसांची जीप थांबली. थोरल्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला, गाडीतला मूळचा पांढरा बल्ब काढून टेबलावर ठेवला, आणि कुणी न सांगता जीपकडे चालू लागला.

मेकॅनिकने बल्ब उचलला, बूड धरूनच. स्पिरिटच्या फडक्याने काचेवरचे बोटांचे डाग बराच वेळ पुसत राहिला.

"हा अजून चालतो," तो म्हणाला. "धाकटा घरी आला की मी बसवून देईन."