हेगलुंडच्या फलकाचा खड्डा

कॉफी निवांत संपवा, तोवर सांगतो. घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे, मला तरी आता भीती वाटत नाही.

डकोटात आमच्या रस्त्याकडेला हेगलुंड वस्तीचा फलक आहे ना, तो एका जुलैत मी आणि सिवर्टनं रोवला. सिवर्ट म्हणजे माझ्या बायकोचा, रग्नाचा, धाकटा भाऊ. रविवारी अनावरण होतं. बायका केक भाजण्यात गर्क होत्या, आणि रग्नानं आम्हा दोघांना जेवल्याजेवल्या माळावर पिटाळलं होतं.

"दाजी, तुम्ही खणा, मी देखरेख करतो," ट्रकच्या सावलीत बसत सिवर्ट म्हणाला.

"सांगू तुझ्या बहिणीला?"

तो निमूट उठला.

फलकावर लिहिलं होतं, की नॉर्वेहून आलेल्या पहिल्या कुटुंबांची वस्ती इथेच कुठेतरी होती. 'कुठेतरी' अशासाठी, की पहिल्याच हिवाळ्यात हिमवादळ आलं आणि सगळी माणसं जमिनीत खोदलेल्या एका घरात गोळा झाली. रग्नाचे पणजोबा आस्लाक तेवढे पीठ आणायला गावात गेले होते. परतले, तर नुसता पांढरा माळ. बर्फ गेल्यावरही घर सापडलं नाही. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं, आमचं आत्ताचं घर बांधलं, पण म्हातारपणीसुद्धा ते काठीनं जमीन ठोकत फिरायचे म्हणे.

तर, खड्डा कमरेइतका झाला आणि वारा पडला. आमच्या माळावर वारा कधी पडत नाही हो. गवताचं पातं हलेना, किडेही गप्प झाले. मग वास आला... पीळ घालून जाळलेल्या गवताचा, माळावर लाकूड नसल्यानं जुनी माणसं चुलीत घालायची तसा. खड्ड्याच्या तळातून धुराची बारीक रेघ वर येत होती.

"दाजी... ऐकताय?"

ऐकत होतो. खूप खालून फिडल वाजत होतं. त्यावर पाय आपटल्याचा ठेका, मधेच हसण्याची लाट. लग्नघरात असावं तसं. पण माझ्या पायाखालची माती त्या ठेक्यावर थरथरत होती, आणि घाम पाठीवरच गार झाला.

एकदम फिडल थांबलं. कुणीतरी खोकलं आणि आमच्या आजीच्या जुन्या नॉर्वेच्या बोलीत, अगदी जवळून, विचारलं, "कोण आहे वर? बर्फ वितळला का?"

मी फावडं उचललं. खड्डा बुजवायचा आणि पळायचं, एवढंच डोक्यात होतं. सिवर्टनं मनगट धरलं. एरवी एवढा वाचाळ माणूस, पण ओठ पांढरे पडले होते.

"दाजी, आत माणसं आहेत."

"सिवर्ट, ती माणसं..."

"माहितीये. तरी बुजवायचं?"

मी फावडं खाली ठेवलं. तो खड्ड्यावर वाकला आणि मोडक्यातोडक्या बोलीत ओरडला, "वितळला! उन्हाळा आलाय! या वर!"

खालून एका बाईचा आवाज आला, हळू, आनंदानं कापणारा... "थांबा हं. मुलांना उठवते."

आम्ही थांबलो नाही. ट्रक कसा घरी आला ते ट्रकलाच ठाऊक.

रग्नानं सगळं ऐकून घेतलं. हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पणजोबांचं घर कुठं ते सांगितलंत का त्यांना?" आणि आम्ही नाही म्हटल्यावर, "दोघंही बिनकामाचे!" मग स्वतःच ट्रक घेऊन गेली आणि खड्ड्यात तोंड घालून आमच्या घराची वाट समजावून आली.

फलक आम्ही बाजूला दुसरा खड्डा खणून रोवला. रविवारी पाद्रीबाबा लांबलचक बोलले, केक संपले, सिवर्ट गायला, लोक पोट धरून हसले. गाण्यात जमलेल्या माणसांपेक्षा जास्त आवाज होते, पण कुणी चर्चा केली नाही.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. त्यांच्यात ही ओबडधोबड लाकडी तिपाई होती. ती आमची नव्हती. रग्ना म्हणाली, राहू दे.

त्याला आता बरीच वर्षं झाली. या, हात ठेवून बघा. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी ऊब लागते ना? हिवाळ्यातसुद्धा अशीच असते. अं हं, बसू नका... रग्ना कुणालाच बसू देत नाही.