बाल्कनीवरची अंजिराची फांदी

मिलाग्रोसची स्कूटर बंद पडली ती अगदी हटकून नको त्या जागी. वर बदामांची शेतं, खाली खोल दरी, आणि मध्ये ही — काखेत वीज कंपनीची वही, डोक्यावर स्पेनमधल्या आलिकांतेचं मे महिन्यातलं ऊन. गावोगाव हिंडून घरोघरचे मीटर वाचायचे, हे तिचं काम. आता पायी हिंडायचं म्हटलं तर पुढचं गाव गाठेपर्यंत दुपार टळली असती.

तेवढ्यात वळणावरून एक पांढरी गाडी आली. मागून बर्फाचं पाणी टपटप गळत होतं. गाडी थांबली, खिडकीतून एक उन्हाने रापलेला चेहरा बाहेर आला.

"येतेस?"

"मासळीचा वास येतोय."

"ताजीचा आहे. शिळीचा यायला लागला की मीच उतरतो."

ती हसली... आणि तिथेच फसली.

त्याचं नाव बातिस्त. राहायचा समुद्रकाठच्या तोरेमारला. बंदरावरची मासळी घ्यायची आणि डोंगरातल्या गावांत हॉर्न वाजवत विकायची, हा त्याचा धंदा. मिलाग्रोसचं, म्हणजे मिलाचं, गाव बेनिलोर्का त्याच्या रस्त्यावरच होतं. गॅरेजवाला म्हणाला, पार्ट यायला आठवडा लागेल. लागले सहा. आणि या सहा आठवड्यांत मिलाने एकदाही गॅरेजवाल्याला फोन करून खडसावलं नाही, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

तर मग सुरू झालं दोघांचं फिरणं. तो मासे विकायचा, ती मीटर वाचायची, मग दोघं एखाद्या कारंज्याच्या कट्ट्यावर बसून पाव आणि टोमॅटो खायची. चेरीच्या बागांची दरी झाली, कड्यावरच्या किल्ल्याचं गाव झालं, रंगीत घरांचा किनारा झाला. एकदा मिठागरांपाशी त्याने गाडी थांबवली. गुलाबी फ्लेमिंगो एका पायावर उभे होते आणि बातिस्त मात्र दोन्ही पायांवर धड उभा नव्हता.

"मिला..."

"हं?"

"...काही नाही. बर्फ वितळेल. चल."

आता याचा काय अर्थ लावायचा? रोज सकाळी तिच्यासाठी सीट ओल्या फडक्याने पुसायचा. ती उतरली की वळून बघायचा — दोनदा. जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचा, पण ज्यावर बोलायला हवं तिथे आलं की दातखीळ. मिलाला वाटायचं, आपल्यालाच खूळ लागलंय. मग वाटायचं, नाही, त्यालाही लागलंय. मग पुन्हा वाटायचं, छे!

त्यातच माद्रिदहून पत्र आलं. मुख्य कचेरीत कायमची नोकरी. हो की नाही ते चोवीस जूनच्या दुपारी बारापर्यंत कळवायचं. तिने पत्र मुद्दाम त्याच्यासमोर वाचलं.

"वा!" तो म्हणाला, आणि चढावर भलताच गिअर टाकला. गाडीने किंकाळी फोडली. "माद्रिद म्हणजे... मोठंच शहर."

"म्हणजे जाऊ?"

"तुला काय वाटतं?"

"मी तुला विचारतेय, बातिस्त!"

त्याचे कान लाल झाले. "चोवीस तारखेला सान हुआनचा सण ना? त्या सकाळपर्यंत काही कळवू नकोस. तेवढं ऐक माझं."

मिलाचा जीव सुपाएवढा झाला. सान हुआनच्या पहाटे पोरं आपल्या आवडत्या मुलीच्या बाल्कनीला फांदी बांधतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. बेनिलोर्कात बदामाची फांदी म्हणजे 'माझा तुझ्यावर जीव आहे'. तिने बाल्कनीचे गज तीन दिवस आधीच पुसून ठेवले.

सान हुआनच्या सकाळी आईच्या ओरडण्याने तिला जाग आली.

"कुठल्या मेल्याने हे केलं गं? हात झडोत त्याचे!"

बाल्कनीला फांदी होती. चांगली दांडगी, हिरवीगार, अंजिराची. आणि बेनिलोर्कात अंजिराची फांदी म्हणजे शिवी. 'ही सगळ्यांच्या मागे लागते, हिला कोणी विचारत नाही,' असं चारचौघांत सांगणं. समोरच्या खिडकीतल्या बायका पदर तोंडाला लावावा तसे हातपंखे तोंडाला लावून हसत होत्या. कोणाची फांदी, हा प्रश्नच नव्हता. ती मासेमारीच्या जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने बांधली होती, आणि तशी गाठ त्या डोंगरात दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

मिलाला आधी काही समजेचना. मग रडू आलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वाजता तिने माद्रिदला फोन लावला. "मी येते," म्हणाली, आणि फोन आपटला.

साडेनऊला चौकात हॉर्न वाजला. सणाला होड्या निघत नाहीत, तरी बातिस्त खारवलेला ट्यूना आणि वाळवलेला ऑक्टोपस घेऊन हजर! नवा शर्ट घातलेला, केस चापून बसवलेले.

मिला तरातरा खाली उतरली. "रांगेत शेवटचं कोण?" तिने रीतीप्रमाणे विचारलं.

"मी," शेजारच्या रोसारियो मावशी म्हणाल्या. "पण तू जा पुढे, पोरी. मासे काय, दहा मिनिटांनीही मेलेलेच असतील."

बातिस्तचा चेहरा नुसता फुलला होता. "आवडली?"

"आवडली?" मिलाने बाल्कनीकडे बोट दाखवलं. "अख्ख्या गावासमोर माझी लाज काढलीस आणि विचारतोस आवडली? मी काय केलं होतं तुझं?"

"लाज?" तो गोंधळून कधी तिच्याकडे, कधी बाल्कनीकडे बघायला लागला. "मिला, माझ्या आईच्या स्वयंपाकघराच्या दारातल्या झाडाची आहे ती! तोरेमारमध्ये मुलगा आपल्या अंगणातल्या अंजिराची फांदी एकदाच तोडतो. जिला त्या अंगणात आणायचं, तिच्यासाठी."

खिडक्यांतले हातपंखे खाली आले.

"मग... बदाम का नाही आणलास?" तिने चाचरत विचारलं.

"बदाम? आमच्याकडे बदाम म्हणजे 'तू दात पडेपर्यंत अशीच बिनलग्नाची बसणार'!"

"अगं बाई," रोसारियो मावशी म्हणाल्या. "माझ्या बहिणीने तोरेमारच्या पोराला याच पायी हाकललं की काय!"

मिलाला हसावं की रडावं कळेना. म्हणून तिने दोन्ही केलं. मग एकदम आठवलं.

"बातिस्त... मी त्यांना हो म्हणून बसले रे. अर्ध्या तासापूर्वी."

त्याने सुरी खाली ठेवली. "मग आता?"

"आता तू सांग. फांदीबिंदी नको. तोंडाने."

त्याने ओले हात नव्या शर्टालाच पुसले.

"जाऊ नकोस," अखेर तो म्हणाला. "सहा आठवडे तुला लांबच्या रस्त्याने नेतोय मी. बेनिलोर्काला यायला मिठागरांकडून कोण येतं?"

"मला वाटलं, तुला रस्ता माहीत नाही."

"जन्म गेला माझा या रस्त्यांवर! तू शेजारी बसलीस की घरी पोचूच नये असं वाटतं. माझं प्रेम आहे तुझ्यावर, मिला. आता हवं तर जा."

हवं तर जा म्हणे! मिला जिन्यावरून धावतच वर गेली. फोन लावला, तार ताणून बाल्कनीच्या दारात आली. पलीकडून माद्रिदच्या बाईंचा कोरडा आवाज आला.

"येणार नाही? आत्ताच तर येते म्हणालात. कारण काय लिहू? रकाना भरावा लागतो."

"लग्न," मिलाच्या तोंडून निघून गेलं.

"तारीख?"

तिने फोनवर हात ठेवला आणि गजांवरून वाकली.

"बातिस्त! कधी?"

"काय कधी?"

"लग्न!"

ऑक्टोपस त्याच्या हातातून सुटला. सगळी रांग त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"शुक्रवारी..." तो अडखळला, "शुक्रवारी मी येतोच की इकडे..."

"अरे खुळ्या, पाद्रीबाबांना तरी विचार!" मावशी ओरडल्या. आख्खा चौक हसायला लागला.

मिलाने डोळे पुसले आणि फोनवरचा हात काढला.

"शुक्रवार लिहा, बाई," ती म्हणाली. "कुठला, ते आमचं अजून ठरायचंय."