डाव्या पट्ट्याचा कान

या, असे जवळ सरकून बसा. मांडीवर कुणाचं लेकरू निजलं असेल तर उठवू नका. गोष्ट त्याचीच आहे. थंडीतली आहे, पण ऐकून उठताना अंगाला ऊब लागेल, एवढं वचन देतो.

लेहच्या प्रवास-सुरक्षा प्रयोगशाळेबाहेर त्या सकाळी पारा शून्याखाली अठरा अंशांवर होता. आत, तापवलेल्या गाडीघरात, चार महिन्यांची ओजू स्वयंचालित गाडीतल्या सुरक्षासनात बसली होती. गाडी मात्र हलत नव्हती.

"थर जाड आहे," आसन म्हणालं.

"मावशी!" ओजूची आई डॉ. शर्वाणी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आज काय लपवलंस?"

"काही नाही गं बाई. देवाशपथ."

सगुणामावशी बाळासाठी वाईहून आली होती. आसन परवाच बसवलं. पहिल्या दिवशी तिने ओजूला कुंची घातली, गोधडीत गुंडाळलं आणि वरून पट्टा आवळला. काल झबल्याखाली लोकरीचं बनियन निघालं. सोमवारी शर्वाणी कामावर रुजू होणार होती. रोज दुपारी ओजूला गाडीतून पाजायला आणायचं काम मावशीचं. आज जमलं नाही तर ओजू पाळणाघरात आणि मावशी परत वाईला, असं ठरलं होतं.

"एवढी भीती कशाची?" मावशी पुण्याहून तपासणीला आलेल्या डॉ. भास्कर दात्यांकडे वळली. "पट्टा घट्टच तर होता."

"हाताला घट्ट लागतो, मावशी. पण गाडी धडकली की गोधडीतला कापूस चेपतो. पट्टा बाळापासून चार बोटं लांब राहतो आणि बाळ त्यातून निसटतं."

"म्हणून पट्ट्यालाच कान दिलाय," शर्वाणी म्हणाली. "हा स्पंदनश्रोता. कापडातून हृदयाचा ठोका दबतो. जितका दबका ठोका, तितका थर जाड. अर्ध्या बोटापेक्षा जास्त असला की गाडी हलणार नाही. आधी पट्टा अंगासरशी, मग त्यावरून पांघरूण."

"आणि हा कान डाव्या पट्ट्यात," भास्कर म्हणाले, "कारण हृदय डावीकडे."

मावशीने पट्टे सोडून ओजूचं झबलं वर केलं. खाली नुसतं अंग. सुती झबलं इतकं विरलेलं, की त्यातून बोटं दिसावीत. पुन्हा पट्टा बांधला.

"थर जाड आहे."

"यंत्र बिघडलं असेल," शर्वाणी हळूच म्हणाली. भास्करांनी स्वेटर काढून पट्टा स्वतःच्या छातीला लावला. "थर योग्य आहे," आसनाने लगेच सांगितलं.

"भास्कररावांचं ऐकतं आणि माझ्या ओजूचं नाही? लबाड मेलं!" मावशीने ओजूला उचललं आणि छातीला कान लावला. कीर्तनात तीस वर्षं टाळ धरलेली बाई. ठेका तिला लांबूनही कळे. ती थबकली. कान दुसऱ्या बाजूला नेला.

"शर्वू, अगं, हिचा ठेका उजवीकडे आहे."

शर्वाणीने ओजूला उचलून दवाखान्याकडे धाव घेतली. तासाभरात दवाखान्यातल्या पडद्यावर चित्र उमटलं. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, सारंच अदलाबदल.

"हजारोंमध्ये एखादं मूल असं असतं," तिथल्या बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या. "सगळं आपापल्या जागी नीट जुळलंय. बाळ ठणठणीत आहे. फक्त पुढे कुणीही तपासलं तर हे सांगायचं."

शर्वाणीने मावशीचा हात धरला. "तीन दिवस मी तुलाच बोलत होते."

"दोन दिवस बरोबरच बोललीस की! कुंची माझीच होती आणि बनियनही." मावशी खुदकन हसली. "तिसऱ्या दिवसाचं तेवढं परत घे. आणि त्या पट्ट्याला दुसरा कान लाव. देवाने ओजूला आरशात बघून घडवलं, त्याला पोर काय करणार?"

सोमवारी दोन्ही पट्ट्यांना कान होते. मावशीने ओजूला पातळ झबल्यावर बांधलं, पट्ट्याखाली एकच बोट जातं ना ते पाहिलं, वरून दुपटं घातलं. गाडी आपसूक निघाली. मावशी ओजूच्या शेजारी बसून गुणगुणत होती.

तर मंडळी, थंडीत लेकराला गाडीत बसवताना जाड कपडा आधी काढा, पट्टा नीट आवळा आणि ऊब वरून द्या. ते करताना, खरं बोलूनही खोटी ठरलेल्या त्या सगुणामावशीची क्षणभर आठवण काढा.