दर मिनिटाला बदलणारा नंबर

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, मग मध्येच 'असं कसं होईल' म्हणू नका. कसं झालं ते मलाही ठाऊक नाही. पण जिच्या बाबतीत झालं ती माझी सख्खी आतेबहीण आहे, आणि ती खोटं बोलत नाही.

साल २००७. ऑगस्टमधला शनिवार. नाशिकचं सातपूर. दुपारचे अडीच.

हो, दुपारचेच! भुतं रात्रीचीच येतात हे कुणी सांगितलं?

मंजुषा सातपूरच्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. लागून पाच महिने झालेले, सहा पूर्ण झाले की कायम करणार होते. घरात कमावणारी ती एकटीच. कायम होणं म्हणजे तिच्यासाठी सगळंच होतं.

शनिवारी कारखान्याला सुट्टी. पण सकाळीच साहेबांचा फोन आला.

"मंजुषा, ड्रॉइंगची फाइल आज चारच्या आत मुंबईच्या सर्व्हरवर चढली पाहिजे. नाही चढली तर ऑर्डर गेली. आणि ऑर्डर गेली तर सोमवारी तू येऊ नकोस."

एवढं बोलून ठेवला पण फोन. काय माणूस!

आता अडचण ऐका. त्या सर्व्हरपर्यंत जायला व्हीपीएन लागायचं, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारा कंपनीचा आपला बंद रस्ता. त्याच्या तोंडाशी पासवर्डची चौकट यायची. पासवर्ड मंजुषाला पाठ होता. पण त्याच्यापुढे सहा आकडी नंबर टाकावा लागे, आणि तो नंबर दर मिनिटाला बदलायचा. किल्ल्यांच्या रिंगेला अडकवलेल्या एका चिमुकल्या यंत्रावर तो दिसायचा.

ते यंत्र एकट्या जीवनदादाकडे असे.

जीवनदादा म्हणजे ऑफिसातला कॉम्प्युटरचा माणूस. साहेबांनी पैसे वाचवायला सगळीकडे विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकून घेतलं होतं, ते एकट्या त्यालाच कळायचं. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे बसायचा. चौकट आली की मंजुषा इकडून ओरडायची, "दादा, नंबर!" तिकडून आवाज यायचा, "हां, लिही." मग दोन-दोन आकडे, सावकाश.

तीन आठवड्यांपूर्वी जीवनदादा गेला.

तोही शनिवारच होता. ऑफिसची इंटरनेटची लाइन बंद पडली म्हणून मंजुषानेच त्याला फोन करून बोलावलं होतं. ओझरहून मोटरसायकलवर येताना हायवेला ट्रकने उडवलं. किल्ल्यांची रिंग शोधूनही सापडली नाही.

मंजुषाने मुंबईच्या हेड ऑफिसला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, नवीन यंत्र बुधवारी कुरियरने येईल. तोवर काही होणार नाही."

तरी ती खटपट करत बसली. मशीन बंद करून चालू केलं. जोडणी पुसून नव्याने बनवली. जीवनदादाच्या वहीत बघून काळ्या पडद्यावर कमांड मारल्या. पासवर्ड कुठे साठवून ठेवलाय का, तेही धुंडाळलं. पण नंबरच मिनिटाचा सोबती, तो साठवणार कुठून?

प्रत्येक वेळी तीच चौकट. पासवर्ड टाका. चुकीचा. पुन्हा टाका.

साडेतीन वाजले. तिला रडू फुटायला लागलं. हात घामाने चिकट झालेले, डोळे त्या चौकटीवर, आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं...

"दादा, नंबर!"

ओरडल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं.

आणि मग... पंख्याचा आवाज थांबला.

तिने वर पाहिलं. पंखा फिरत होता. चांगला जोरात फिरत होता. फक्त आवाज नव्हता.

पार्टिशनपलीकडून कुणीतरी बोललं...

"हां, लिही. चार सात... शून्य दोन... नऊ एक."

बोटांनी आपोआप नंबर टाकला. टाकून झाल्यावर तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

चौकट गेली. जोडणी लागली.

पंखा पुन्हा खडखडायला लागला. ती धावत पार्टिशनपलीकडे गेली. रिकामं टेबल. त्यावर तीन आठवड्यांची धूळ, बोटाचा एक ठसा नाही. तिने खिडकीतून वॉचमन जयरामकाकांना हाक मारली.

"काका, आत कोणी आलंय का?"

"कुणी नाय ताई! सकाळपासून तुम्ही एकट्याच हाय."

फाइल निम्मी चढली होती. भास असो नाहीतर आणखी काही, फाइल गेली की पळायचं, असं तिने ठरवलं.

पावणेचारला लाइन तुटली.

चौकट... पुन्हा.

मघाशी तोंडून चुकून गेलं होतं. आता जाणूनबुजून हाक मारायची होती. मेलेल्या माणसाला! तिने घरच्यांची तोंडं डोळ्यांपुढे आणली, मनात देवाचं नाव घेतलं आणि अगदी हळू म्हणाली,

"दादा... नंबर सांगा ना."

पंखा गप्प झाला.

या वेळी आवाज पार्टिशनपलीकडून आला नाही. तो तिच्या खुर्चीच्या मागून आला.

"हां, लिही..."

तिने मान वळवली नाही. टाकला नंबर. लागली लाइन. चारला तीन मिनिटं कमी असताना फाइल पूर्ण चढली. मशीन तसंच चालू ठेवून ती पर्स उचलून खाली पळाली.

पुढच्या महिन्याची वाट न बघता साहेबांनी तिला कायम केलं, वर पेढे वाटले. नंबर कुठून मिळाला हे विचारलंसुद्धा नाही. काम झालं की त्यांना पुरे असतं.

इथेच संपलं असतं तर मी सांगायला बसलोच नसतो.

आठवड्याभराने जीवनदादाची बायको, सुवर्णावहिनी, त्याचे राहिलेले कागद न्यायला आल्या. मंजुषाने चहा मागवला. वहिनी कप नुसता धरून बसल्या. मग हळूच म्हणाल्या,

"मंजू, मला वेड लागलंय असं वाटेल तुला. पण हे गेले तरी घरातच होते गं. दुपारी कॉट कुरकुरायची. तांब्यातलं पाणी कमी व्हायचं. भीती नाही वाटली कधी. त्याच आधारावर मी दोन घास खात होते."

"मग?"

"मागच्या शनिवारी साडेतीनला चपलांचा आवाज आला, घाईघाईने निघाल्यासारखा. तेव्हापासून घर रिकामं झालंय. इकडे तर नाही ना आले?"

मंजुषा टेबलावरचे कागद गोळा करायला लागली.

"नाही वहिनी," ती म्हणाली.

जिवंतपणी सुट्टीच्या दिवशी हाक मारून त्याला घराबाहेर काढलं, आणि मेल्यावरही तेच केलं. त्या बाईचा तेवढाही आधार आपण नोकरीसाठी हिरावून घेतला, हे तिला खाऊ लागलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती पार्टिशनपाशी गेली. हात जोडले.

"दादा, फाइल गेली. माझं काम झालं. आता घरी जा. वहिनी वाट बघतायत."

पंख्याचा आवाज थांबला...

तिला वाटलं, ऐकलं त्याने.

मग अगदी कानाशी...

"हां, लिही."

मंजुषा अजून तिथेच कामाला आहे. मी दहादा सांगितलं, सोड ती नोकरी. म्हणते, मीच बोलावलंय त्यांना, मीच परत पाठवायला हवं.

दर शनिवारी ती रिकाम्या ऑफिसात जाते, हात जोडते आणि परत येते. रात्री ओझरला फोन लावून वहिनींना एवढंच विचारते, "आले का?"

परवाही लावला होता. मी शेजारीच बसलो होतो, मला तिकडचं ऐकू आलं.

"नाही गं," वहिनी म्हणाल्या, "अजून नाही."