तिसरी लड

दुभाष्याला स्वतःचं मत नसावं म्हणतात. मी ते पाळत आलो, आणि भुतंखेतंही मानत नाही. लहानपण इथल्या ओनोंडागा जमातीच्या गावात गेलं, पुढे इंग्रजांची चाकरी केली. दोन्हीकडचे थापाडे मी पुरते ओळखतो.

त्या वसंतात फ्रेंच येणार अशी हूल उठली होती. ओंटारिओ सरोवराच्या काठावरच्या आमच्या किल्ल्याभोवती झाडं तोडून बुंधे जाळणं चाललं होतं, रोज तोफा उडवून पाहात होते. माझा धाकटा भाऊ बार्टेल तिथेच शिपाई, पाण्यालगतच्या बाहेरच्या चौकीवर. त्याला धडधाकट परत आणीन असा आईला मी शब्द दिला होता.

ओनोंडागांनी फ्रेंचांना वाट देऊ नये म्हणून कॅप्टन हॅरग्रेव्हने त्यांना बोलावणं धाडलं. ते आले आणि रीतीप्रमाणे रानाच्या कडेला थांबले. त्यांच्या वक्त्याला मी आजोबा म्हणतो. त्यांच्याच चुलीपाशी मी भाषा शिकलो. त्यांची रीत अशी, की बोलणी करण्याआधी शोकातल्या माणसाला शिंपल्याच्या मण्यांच्या तीन लडी द्यायच्या. पहिलीने डोळे पुसायचे, दुसरीने कान मोकळे करायचे, तिसरीने गळा. नाहीतर त्याला धड दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलवत नाही.

आजोबांनी पहिली लड माझ्या हातात ठेवली. "भावांनो, तुमची माणसं गेली. तुमचे डोळे आम्ही पुसतो."

मी ते इंग्रजीत सांगितलं. कॅप्टनच्या कपाळाला आठी पडली.

"कोण मेलंय इथं? विचार त्याला."

विचारलं. आजोबा पाण्याकडे बघत राहिले. "विचारू नकोस, पोरा. घे." त्यांनी दुसरी लड दिली.

"वेळकाढूपणा आहे नुसता," कॅप्टन म्हणाला. "वाट देणार की नाही, तेवढं बोला म्हणावं. हे रडगाणं बंद."

तिसरी लड आजोबांच्या हातातच राहिली.

"आजोबा, याला काय कळतंय? मला तरी द्या."

"घरधनी नको म्हणाला, मग कशी देऊ?" ते उठले.

ते चौकीवरून जात असताना बार्टेलने त्यांच्यापुढे पाव धरला. कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मागची एक म्हातारी मात्र थबकली आणि तिने घोंगडी डोळ्यांना लावली.

"दादा, मी काय भूत आहे का रे?" बार्टेल हसला. मला हसू आलं नाही.

त्यानंतर तटावरच्या पहारेकऱ्यांचे डोळे पाझरू लागले. धूर, डॉक्टर म्हणाला. मला पटलं. मग पाऊस पडला, बुंधे विझले, तरी डोळे पाझरतच होते. पुढे कान गेले. तोफांमुळे, डॉक्टर म्हणाला. एका सकाळी कॅप्टन ढोल बडवणाऱ्याच्या शेजारी उभा राहून विचारत होता, ढोल कधी वाजणार म्हणून.

मला सगळं लख्ख दिसत होतं, ऐकूही येत होतं. दोन लडी माझ्या खिशात होत्या. चौकीवरच्या पोरांनाही काही झालं नव्हतं. तटावरचे आम्ही काम चुकवायला सोंगं करतो, असं ती पोरं म्हणायची. त्यांना काही झालं नव्हतं, याचीच मला सर्वांत जास्त धास्ती वाटली; डोळे-कान जातात ते शोक करणाऱ्याचे, गेलेल्याचे नाही.

मी कॅप्टनच्या कानात ओरडलो, "बार्टेलला आत घ्या!"

"हो, हो," तो डोळे पुसत म्हणाला, "चांगली आहे तोफ."

दुपारी मी तटावर होतो. ऊन स्वच्छ होतं. भूशिराआडून होड्या निघाल्या, एकामागून एक. होड्यांत फ्रेंच शिपायांचे पांढरे डगले.

मी शेजारच्या पहारेकऱ्याला गदागदा हलवून तिकडे बोट दाखवलं.

"धुकं फार आहे आज," तो म्हणाला.

खाली बार्टेल पाण्याकडे पाठ करून पातेलं घासत बसला होता.

मी ओरडलो.

आवाज निघाला नाही. पुन्हा ओरडलो. गळ्याच्या ताणलेल्या शिरा हाताला लागत होत्या, पण श्वाससुद्धा वाजत नव्हता.

मी दोन्ही हात हलवले.

त्याने मान वर केली. मला पाहून त्याने पातेलं खाली ठेवलं, दोन्ही हात तसेच हलवले, आणि माझी नक्कल करत, हसत, तोंड मोठं उघडलं.